साडेचार फुटांचं दार

मी पुण्याला निघाले तेव्हा गोंदिया स्टेशनवर आई आली होती, पण डब्याजवळ आली नाही. लांबूनच म्हणाली, "कायले पाहून राहिली? बस ना जाऊन." बाबांनी खिडकीतून शेतमजूर संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा दिला. ती पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले होते.

पुण्यात मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कॅडवर ड्रॉइंग करते. ओठांवर आलेलं 'करून राहिली' गिळून 'करतेय, सर' म्हणायला शिकले आहे.

मागं एक क्लायंट त्याच्या आजोबांच्या घराचे नकाशे घेऊन आला. पन्नासच्या दशकातले, ट्रेसिंग कापडावर शाईनं काढलेले. त्याला फार्महाऊस हुबेहूब तसंच हवं होतं. सरांनी ते माझ्या टेबलावर पसरले आणि मी घर ओळखलं. कामठ्याच्या पलीकडच्या आमच्या गावातल्या मालगुजाराचं, सगळ्या जमिनीच्या मालकाचं. ओसरी, सागवानी खांब, चौक, धानाची कोठी. रेषा सुंदर होत्या, ते मी नाकारत नाही. समोरचं दार सात फुटांचं. मागं सांदवाडीकडे, म्हणजे परसाकडे उघडणारं मजुरांचं दार साडेचार फुटांचं. ती चूक नव्हती. डोक्यावरची टोपली उतरवून, कमरेत वाकल्याशिवाय कोणी आत येऊ नये, असा तो हिशेब होता. लग्न होऊन आल्यापासून माझी आई त्या दारातून वाकून आत जायची.

मी ते दार सात फुटांचं काढलं. सरांनी विचारलं तेव्हा कारणही सांगितलं.

"क्लायंटला ऑथेंटिक हवंय," सर म्हणाले. "भाषण नकोय."

मी उंची बदलणार नाही म्हटलं. दुपारपर्यंत काम शेजारच्या टेबलावर गेलं आणि दार पुन्हा साडेचार फुटांचं झालं. फार्महाऊस तसंच बांधलंही. आता तिथं होमस्टे आहे. पाहुणे त्या दारात वाकून हसत फोटो काढतात.

आईला फोनवर सांगितलं.

"पैसे देऊन वाकतेत लोकं?" ती हसली. "आमाले त फुकटच होतं." मग म्हणाली, "तुनं मोठं काढलं होतं ना? मंग झालं."

मला नाही वाटत झालं असं.

माझ्यासारखेच इकडे आलेले मित्र भेटले की गावच्या घराच्या आठवणी काढतात, डोळे पुसतात. माझं घर म्हणजे आई-बाबांच्या दोन खोल्या. त्यांच्या बाहेरचं गाव मी सोडलं, असं म्हणता येत नाही. त्यानं मला कधी आत घेतलंच नव्हतं.