आबांनी निवडलेली खडी

मी दगड बडवायची नोकरी करते. थट्टा नाही. माझं लग्न जमत होतं तेव्हा हे ऐकून एका पाहुण्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला होता. बारामतीच्या एमआयडीसीत आमची लॅब आहे. रस्त्याला, पुलाला जी खडी वापरतात ती आमच्याकडं तपासायला येते. पोलादी पेल्यात खडी ठासून भरायची, वरून चौदा किलोचा हातोडा पंधरा वेळा सोडायचा आणि मग चाळून बघायचं, चुरा किती झाला. शंभरात तीस भागांच्या वर चुरा निघाला, तर ज्या काँक्रीटवरून गाड्या धावणार त्याला ती खडी चालत नाही. शेजारी एक मोठा ड्रम आहे. त्यात खडी आणि लोखंडी गोळे घालून पाचशे फेरे द्यायचे, म्हणजे दगड किती झिजतो ते कळतं. तो सुरू असला की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही.

या कामाचा मला भारी तोरा. माहेर इंदापूर तालुक्यात, वरकुट्याच्या अलीकडं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, स्कूटीवर मागं बसवून नेताना वाटेत ओढ्यावरचा एक पूल लागतो. तो आला की मी दर वेळी मान वळवून सांगायची, "आबा, ह्याची खडी मी पास केलीय बरं का!" आबाही दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखं म्हणायचे, "व्हय? झकास!"

गेल्या उन्हाळ्यात गावात कालव्याच्या चारीवरचा पूल नवा करायला घेतला. जुना उसाच्या ट्रॉल्यांनी खचला होता आणि शाळेची व्हॅन रोज त्यावरूनच जायची. माझ्या भावाची दोन्ही पोरं त्याच व्हॅनमध्ये. ठेकेदार बाहेरचा, त्याच्यावर गावाचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून ग्रामसभेत ठरलं की खडी तपासायची, आणि पोतं ठेकेदारानं नाही, आबांनी भरायचं. जिथं भाऊ भावाचा बांध कोरतो त्या गावात आबांनी उभ्या जन्मात कुणाचा वीतभर बांध कोरला नाही. त्यांच्याविरुद्ध कुणी कधी ब्रसुद्धा काढला नाही.

खरं तर पोतं भरायला आमच्यातल्या कुणीतरी जायचं असतं. ढिगाच्या माथ्यावरून, मधून, पायथ्यातून थोडी थोडी खडी घ्यायची, कालवायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे. हे मला पाठ आहे. पण कामाचा डोंगर पडला होता, ऊन मी म्हणत होतं, आणि मी फोनवर सांगून मोकळी झाले, "आबा, तुमीच भरून पाठवा की. तुमच्यापेक्षा खात्रीचं कोण हाय?"

आठवड्यानं टेम्पोतून पोतं आलं. तोंड सुतळीनं सुबक शिवलेलं. आत काळीभोर खडी, धुळीचा कण नाही. ढिगातलं पोतं असं कधी येत नाही, हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं. पण म्हटलं, आबांचं कामच नेटकं! चुरा पंधरा भाग निघाला. ड्रममधूनही खडी झकास बाहेर आली. मी सही ठोकली. आबांनी गावभर सांगितलं, पोरीनं पास केली.

त्या रविवारी मी माहेरी गेले. पुलाच्या सळ्या बांधून झाल्या होत्या, मंगळवारी स्लॅब पडायचा होता. जेवताना आबा खुशीत होते.

"चार दिस बसलो हुतो ढिगापाशी," ते म्हणाले. "येक येक खडा निवडला."

"आन मी धुतला," आई म्हणाली. "हात सोलले माझे."

माझा घास हातातच राहिला. "निवडला म्हंजे?"

"म्हंजे काय? तांबडं, मऊ, चपटं, समदं बाजूला सारलं. व्यापाऱ्याफुडं फोडायचं डाळिंब आपण किडकं देतो व्हय? आन ह्ये तर तुझ्या लॅबला जायचं. सायबाफुडं तुझी मान खाली गेली असती."

अगं आई गं! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. ठेकेदारानं फसवलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. पण हा माणूस माझ्यासमोर भाकरी मोडत हसत होता, आणि त्यानं काय केलंय याची त्याला गंधवार्ता नव्हती. ताट तसंच टाकून मी चारीवर पळाले. ढिगात हात घातला. तांबूस खडा दोन बोटांत धरून दाबला, त्याचा भुगा झाला. दुसरा घेतला, तोही तसाच.

तिथूनच लॅबच्या साहेबांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "रिपोर्टाखाली काय छापलंय? निकाल आलेल्या नमुन्यापुरता. आपण सुटलो."

ती ओळ मी इतकी वर्षं छापत आले होते, एकदाही धड वाचली नव्हती. माझं डोकं सणकलं. "साहेब, आपण सुटलो, पण त्या पुलावरून माझी भाचरं जाणार आहेत!" मग ते म्हणाले, "उद्या नवीन पोतं घेऊन ये."

सोमवारी भल्या पहाटे मी माझ्या हातानं पोतं भरलं, माथ्यावरून, मधून, पायथ्यातून. आबा म्हणाले, मीबी येनार. पोतं पुढं पायांशी, आबा मागं. ओढ्यावरचा पूल आला, गेला. त्या दिवशी मी काही बोलले नाही.

खडी भट्टीत वाळेपर्यंत आबा स्टुलावर बसून होते. हातोडा पडायला लागला तेव्हा ते ओठांत ठोके मोजत होते. चुरा अडतीस निघाला.

"ही आपलीच खडी?" त्यांनी विचारलं.

"आपलीच."

त्यांनी चाळणीखालचा भुगा बोटावर घेतला, बघितला. मग खिशातून मोबाइल काढून सरपंचांना लावला. "स्लॅब थांबवा. खडी मी निवडून दिली हुती. पोरीचा काय दोष न्हाय." उभ्या गावात ज्याचा शब्द चालतो त्या माणसाचा आवाज चिरकला. मला भडभडून आलं. दोष नाही कसा? ढिगाकडं न जाणारी मीच होते ना!

फोन ठेवून ते भिंतीकडं बघत बसले. तिथं तपासायची पोती ओळीनं उभी होती, सुतळीनं शिवलेली.

"ही कुणी भरली?"

"ज्याची खडी, त्यानं. क्रशरवाले, ठेकेदार."

"तू गेलीवतीस बघाय?"

"न्हाय, आबा."

"म्या तर चांगल्या मनानं निवडली," ते म्हणाले, "तरी ह्ये असं झालं." मग एकदम माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "आन त्यो ओढ्यावरचा? त्याची आणाय गेलीवतीस?"

मी मान हलवली. नाही.

संध्याकाळी त्यांना सोडायला निघाले. पूल जवळ आला तशी माझ्या हातानं गाडी आपोआप हळू झाली, आणि मागं बसलेल्या आबांनी माझा खांदा घट्ट धरला.