जरा सरका, मावशी

अन्याय झाला तो बोरिवलीच्या जंगलातल्या एका वारली बाईवर, दिवाळीआधीच्या सोमवारी, दुपारच्या चहानंतर, घाटकोपरच्या छापखान्यात. मी जंगलातले आदिवासी पाडे वाचवण्यासाठीच्या आमच्या मोर्चाचं पत्रक छापून घ्यायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर एक आर्टिस्ट जंगल सहलीच्या जाहिरातीचं पान पुन्हा लावत होता. फोटोत पुढे चितळ, मागे झोपडी आणि दारात ती बाई. त्याने पट्टी ठेवली, ब्लेडवर फुंकर मारली आणि फोटोलाच म्हणाला, “जरा सरका, मावशी.” मग झोपडीसकट तिला कापून काढलं.

“अरे, ती राहते तिथे,” मी म्हणालो.

“राहू दे ना यार. पण मागे झोपडी दिसली की गिऱ्हाइकाला ते जंगल वाटत नाही.”

त्याने चितळ पानाच्या मधोमध चिकटवलं आणि कडा अंगठ्याने हळूच दाबल्या. पान झकास झालं होतं, म्हणूनच मला भीती वाटली. तिचा पाडा हटवायची नोटीस आधीच लागली आहे. हे पान पाहिलेल्यांना तिथून कोणाला तरी उठवलं, हे पटणार कसं?

ती जाहिरात तुमच्याही हाती येईल. सहलीला जरूर जा, पण गाइडला आधी पाडा दाखवायला सांगा, आणि तिथल्या माणसांशी बोलल्याशिवाय परतू नका.