मावळतीच्या उजेडातला पाक

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखनही चुकतं, माफ करा.

वडील केंदूरच्या गुऱ्हाळावर गूळ करायचे. पाकाला तांबूस रंग आला की काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, चुलीवरून उतरवायचे. एकदा दिवस मावळताना, आभाळ लाल असताना, त्यांनी पाक तयार समजून काहील उतरवली आणि गूळ बसलाच नाही. मालक म्हणाला, "आप्पा, डोळं गेलं तुमचं. नातवंडं सांभाळा आता." वडील त्या रात्री जेवले नाहीत.

माझ्या दहावीतल्या मुलीने त्यांना सांगितलं, "आबा, सांजंचं ऊन तिरपं, हवेतून लांबून येतं. निळा उजेड वाटंतच विखुरतो, तांबडा तेवढा पोचतो. सकाळीबी तसंच. तोच तांबडा पाकावर पडला."

"म्हंजी डोळं न्हाई गेलं," वडील हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मालकाला हे समजावून ते पुन्हा कामाला लागले. सांजेला मात्र त्यानंतर रंगावर न जाता पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी वळते का ते बघायचे.