शेंदूर लागलेला खुणेचा दगड

ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत कोणी रस्ता खोदायला घेतला की धावत जाऊन त्याच्यावर ओरडायचं, हा माझा धंदा. जमिनीखालच्या गॅसच्या नळ्यांवर लक्ष ठेवायला कंपनीच्या कंत्राटदाराने मला ठेवलेलं. आमच्याकडे खोदकाम हे काम नाही, व्यसन आहे. सकाळी डांबर पडलं की दुपारी केबलवाला हजर, संध्याकाळी पाणीवाला. नौपाड्यातल्या एका गल्लीत तर दोन टोकांनी खोदणारे खालच्या खाली एकमेकांना भेटले, तंबाखू मळली आणि परत फिरले. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा, गल्ली शिल्लक असली तर.

नियम मात्र साधा. नळी असेल तिथे मशीन लावायचं नाही. आधी कुदळ-फावड्याने हाताने खड्डा घ्यायचा. इशाऱ्याची पिवळी पट्टी लागली की समजायचं, नळी तिच्याखाली निजलीय. आणि ती कुठून जाते हे वरच्या माणसाला कळावं म्हणून रस्त्याकडेला सिमेंटचे बुटके दगड पुरलेले असतात.

बाळकुमला एका टोलेजंग कॉम्प्लेक्सच्या गेटाशी असा एक दगड होता. त्याला लागून एक मावशी भज्यांची गाडी लावायची. मूळ गावातली आगरी बाई. आत आता पोहायचा तलाव आहे तिथे आमचा भात व्हायचा, असं ती गिऱ्हाइकाला भज्यांबरोबर फुकट सांगायची. नळी नेमकी तिच्या गाडीखालून गेलेली, आणि वर दिवसभर तिची शेगडी पेटलेली. दुसरीकडे नळी फुटली तर पळापळ होईल. इथे फुटली तर मावशीच राहणार नाही. म्हणून बाळकुमला जेसीबी निघालाय असं कानावर आलं की मी हातातलं काम टाकून आधी तिकडे धावायचो.

एकदा कॉम्प्लेक्समधल्या कोणीतरी नवी गाडी आणली आणि नारळ फोडायला माझा दगड वापरला. गाडी ठणठणीत राहिली, दगडाचं नशीब उघडलं. पुढच्या गाडीवाल्याने शेंदूर लावला. मग पत्रा आला, मग टाइल्स, मग कल्याणला ऐकू जाईल अशी घंटा. माझं काय बिघडत होतं? कंपनीच्या पाटीला कुत्रं विचारत नव्हतं. शेंदराला मात्र जेसीबीवाला लांबूनच हात जोडून वळसा घालायचा.

मग सोसायटीला गेट रुंद करायचं सुचलं. देव आडवा आला. भटजी बोलावून, ताशा लावून त्यांनी त्याला उचललं आणि पलीकडच्या कोपऱ्यात बसवलं. देव हलवताना गॅसवाल्याला कोण विचारतो? मी सेक्रेटरींना जाऊन सांगितलं की साहेब, देव हलला तरी नळी काही त्याच्या मागे चालत जात नाही. ते म्हणाले, प्रसाद घ्या. मग कंपनीत कळवलं. तिथे प्रसादही मिळाला नाही.

पुढे पालिकेच्या गटाराचं काम निघालं. मी पोहोचलो तर जेसीबी मावशीच्या गाडीला खेटून उभा. गटाराच्या कंत्राटदाराचा पोरगेला इंजिनीअर शेजारी होता, आणि खरं सांगायचं तर त्याचंही चुकत नव्हतं. त्याने दगड पाहिला, दगडापासून भरपूर लांब सरकला, आणि बरोबर नळीवर आला. मी म्हटलं, आधी हाताने खड्डा घे. तो म्हणाला, काका, मार्कर तिकडे आहे, आणि मला आज काम संपवायचंय. माझा आवाज एरवी मुंब्र्याच्या डोंगराला तडा पाडील असा. जेसीबीपुढे त्याची चिमणी झाली. तेव्हा मी सरळ जाऊन त्याच्या बकेटमध्ये मांडी घालून बसलो.

ड्रायव्हरने कपाळावर हात मारून इंजिन बंद केलं. मी बसल्या जागेवरून मावशीला शेगडी विझवायला सांगितलं.

"आत्ता तेल तापलाय रं. गिऱ्हाईक उभा हाय."

"मावशी, तुझ्या पायाखाली गॅस आहे."

तिने झारा खाली ठेवला. "देव तिकडं नेला ना यांनी? मंग गॅस नाय नेला?"

शेगडी विझली. मजुरांनी कुरकुरत कुदळी घेतल्या. थोडं खाली गेले आणि पिवळी पट्टी वर आली, अगदी बकेटच्या दातांसमोर. इंजिनीअर घामाघूम झाला. त्याने खड्डा बुजवून घेतला आणि गटाराची रेघ पलीकडे सरकवली.

म्हणजे घडलं काहीच नाही. आमच्या धंद्याचं हेच दुखणं. नळी फुटली की टीव्हीवाले येतात, वाचली की तक्रार येते. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून मला बाळकुमवरून काढून पार डोंबिवलीच्या टोकाला फेकलं. इकडे सोसायटीने देवळावर फ्लेक्स लावला: देवाने महासंकट टाळले. खाली कमिटीतल्या झाडून सगळ्यांचे हसरे फोटो. देव जागृत ठरला म्हणून गर्दी वाढली, गर्दीला जागा हवी म्हणून मावशीची गाडी हटवली. ती उभी राहायची तिथे आता पेव्हर ब्लॉक आणि चपलांचा स्टँड आहे. नळीवर नवा दगड बसवू द्या म्हणून मी सेक्रेटरींपुढे जाऊन हात जोडले. देवळाच्या दारात असलं काही चालणार नाही, म्हणाले. पुढचा खोदणारा येईल, शेंदूर बघेल, आदबीने लांब सरकेल आणि थेट चपलांखाली हात घालेल.

मावशी आता मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्याशी गाडी लावते. मध्यंतरी गेलो होतो. भजी देताना तिने विचारलं, "हितं खाली काय हाय रं?"

मी आल्या आल्याच बघून घेतलं होतं. म्हटलं, काही नाही मावशी, नुसती माती.

तिने कढईत नवा घाणा सोडला. "मंग आता तू कशाला येशील?"