पुणं परवडेपर्यंत

पुण्यात कधी बिऱ्हाड न करता पुण्याच्या महागाईचा इतका सखोल अभ्यास केलेला माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. हे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणत असू. कोर्टातली कारकुनी संपवून ते पेन्शनीत निघाले तेव्हा लढाई चालू होती, रॉकेलला रांगा लागत होत्या आणि मावशीचा एकच धोशा होता: आता पुण्याला लेकीजवळ राहायला जाऊ या. एकुलती एक लेक, आमची ताई; मावशीचा जीव सगळा तिच्यात. काकांची ना नव्हती. पण लेकीला मूलबाळ झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणीसुद्धा न पिणाऱ्या पिढीतले ते, आणि ताईची कूस अजून उजवली नव्हती. तेव्हा पुण्यात वेगळी खोली घ्यायची, वेगळी चूल मांडायची, आणि हे सारं पेन्शनीत बसतं का ते आधी बघायचं. हे बघणं काही वर्षं चाललं.

संध्याकाळी पुण्याची मोटार यायच्या वेळेला काका स्टँडवर हजर. उतारूचा पाय जमिनीला लागायच्या आत विचारत, "वांगी काय भावानं?" मग दूध, दळण, हजामत. एकदा पारनेरकडचा एक शेतकरी वैतागून म्हणाला, "आवं काका, मी मयताला गेल्तो पुन्याला. वांगी कुठं इचारीत बसू?" काका ओशाळले. त्याचं सांत्वन करीत चार पावलं त्याच्याबरोबर चालले आणि हळूच म्हणाले, "सरपण तर आणलं असेल ना? काय भावानं पडलं?"

त्यांच्या तुलनेत पुणं नेहमी ताकावर हरायचं. "इथं शेजारून तांब्याभर ताक येतं. तिथं शेजारी कसा निघेल, कुणी सांगावं? ताक विकतचंच धरायला हवं," असं ते म्हणत. मावशी म्हणे, "अहो, मी ताकच सोडते."

एकदा अनुभव घ्यावा म्हणून दोघं ताईच्याच गल्लीत, ओळखीच्या एका रिकाम्या खोलीत आठवडाभर राहून आले. लेकीवर भार नको म्हणून पीठ, डाळ, तेल, एवढंच काय, मोटारीच्या टपावर टाकून जळणसुद्धा नगरहूनच नेलं. परत आल्यावर काकांच्या ध्यानात आलं, की पुण्यात आपण विकत असं काही घेतलंच नाही. मी पोट धरून हसलो. मावशीही हसली. "मला तर रोज लेकीची वेणी घालायला मिळाली," म्हणाली. ते तिचं हसणं आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

कारण पुढे तिनं अंथरूण धरलं. दिवसेंदिवस ती वाळत चालली. अशात एका सकाळी काका माझ्याकडे आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. "जमलं रे! पुणं परवडतं!"

"कसं काय? भाडी उतरली?"

"छे! हिचं खाणं उतरलंय. चतकोर भाकरी, तीही दुधात कुस्करून. दोघांचं मिळून आता..."

तिथंच ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं असावं. ओट्यावर मटकन बसले आणि उपरण्यात तोंड खुपसून लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "वेगळी खोली नको. ताईकडेच नेतो हिला. जेवतो मी लेकीच्या घरी. लागू दे पाप लागायचं ते."

पण मोटारीचे धक्के तिला सोसायचे नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. ताईच धावत आली. मावशी गेली ती नगरातच, लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून.

दिवसकार्य झाल्यावर ताई काकांना पुण्याला घेऊन गेली. ते तिच्या पंक्तीला बसतात, वाढेल ते मुकाट्यानं जेवतात. कशाचा भाव म्हणून विचारत नाहीत. मी त्यांना भेटून परत निघालो, की मंडईत उगीच वांग्यांचा भाव विचारून ठेवतो. नगरला मोटार थांबते, मी उतरतो आणि जरा वेळ तिथंच उभा राहतो.