उपरण्याखालचा हात

माझी मुलगी सहा दिवस माझ्याशी बोलली नव्हती. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं, भांडणात माझा हात कोणी धरत नाही. पण शिवकांता भांडली नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहातून ती रोज सकाळी आईला फोन करायची, आणि मी फोन घ्यायला हात पुढं केला की तासाला उशीर होतोय म्हणून ठेवून द्यायची. त्या सहा दिवसांत मी औंढ्याच्या नागनाथाचं नाव रोज घेतलं, पण भक्तीनं नाही. एवढी वर्षं तुझ्या दारात येतो, बेल वाहतो, आणि माझ्याच लेकराच्या बाबतीत तुला ऐकू कसं येत नाही, असा माझा सूर होता. देव आहे की नाही इथपर्यंत मी गेलो होतो, हे कबूल करतो.

मी बैलांचा व्यापारी. आमच्याकडं हेडी म्हणतात, आणि म्हणणाऱ्याच्या तोंडात तो शब्द जरा कडूच असतो. हट्ट्याच्या पलीकडं माझं गाव. सातवीत शाळा सुटली तेव्हा मी दुसऱ्याची जनावरं बाजारात हाकत न्यायचो. आज आसपासच्या बाजारांत मी जोडी बघून दिली की लोक तिचे दात पुन्हा बघत नाहीत. हे मी कोणाच्या शिफारशीवर मिळवलेलं नाही. आमचा सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं, खाली एकमेकांची बोटं दाबायची, आणि भाव त्या दोघांनाच कळतो. जमत नसेल तर हात काढून घ्यायचा, उपरणं खांद्यावर टाकायचं आणि चालू लागायचं. मागं बघायचं नाही. चार पावलांवर हाक येतेच. माझ्या आयुष्यात ती हाक आली नाही असं कधी झालं नव्हतं.

शिवकांता गाते. गळा माझाच असावा. चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी गाण्यात होतो. गुरुजींनी मला मागच्या रांगेत उभं केलं, कारण माझ्याकडं पांढरा सदरा नव्हता. त्यानंतर मी गायलो नाही. पण पोरीला मी कधी अडवलं नाही. ती विद्यापीठात गेली आणि तिथल्या लोकगीत-लोकनृत्य पथकात तिची निवड झाली. हे पथक साधं नाही. हलगी, संबळ, लेझीम घेऊन ही पोरं देशोदेशी जाऊन आली आहेत. आपल्या मातीतली गाणी त्यांनी अशा लोकांपुढं म्हटली आहेत ज्यांना मराठीचं अक्षर कळत नाही, आणि ते लोक उठून नाचले आहेत. यंदा युरोपातल्या एका गावच्या महोत्सवाचं बोलावणं होतं. पथकाच्या यादीत माझ्या पोरीचं नाव लागलं तेव्हा मी भर बाजारात पेढे वाटले. ज्या गावात एसटी दिवसातून दोनदा येते, त्या गावची पोरगी विमानात बसणार होती.

मग मी तालीम बघायला गेलो. तेच चुकलं. पुढं मधोमध एक दुसरी मुलगी होती, गोरीपान, हसरी, आणि माझी शिवकांता सगळ्यात मागच्या रांगेत, हलगीवाल्यांच्या शेजारी. मला पांढऱ्या सदऱ्याची आठवण झाली आणि डोकं तापलं. तालीम संपायचीही वाट न बघता मी पथकाच्या सरांकडं गेलो. युवक महोत्सवात एकटीच्या गाण्याचं बक्षीस हिला, मग पुढं दुसरी कशी, असं विचारलं. खेड्यातली म्हणून का, असंही विचारलं. सर शांत होते. मी आवाज चढवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हे बघा, इथं बैलबाजार भरलेला नाही."

सगळ्या पोरापोरींसमोर म्हणाले. ते वाक्य माझ्या अंगात काट्यासारखं रुतलं. मी म्हणालो, "पोरगी पुढं उभी ऱ्हाईल, न्हाईतर येणारच न्हाई." त्यांनी टेबलावरून एक कागद पुढं सरकवला आणि सांगितलं की मग नाव कमी करतो, इथं वडिलांची सही करा. मी कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. उपरणं खांद्यावर टाकलं आणि चालू लागलो. चार पावलं गेलो. दहा गेलो. फाटकापर्यंत गेलो. हाक आली नाही.

घरी सगळं सांगितलं तेव्हा शिवकांताची आई भाकरी थापत होती. ती वर न बघता म्हणाली, "तुमी उठून जाता ते मागून हाक यावी म्हणून. मास्तरला काय ठावं तुमचा बाजार?" मी तिच्यावरही ओरडलो. पण मनात कळलं होतं. ज्या डावावर मी आयुष्य उभं केलं, त्याच डावानं मी पोरीचं नाव यादीतून काढून आलो होतो.

सहाव्या दिवशी सोमवार होता. मी औंढ्याला गेलो ते देवाशी सौदा करायला. मनात ठरवलं होतं, पोरीला पथकात परत घे आणि पुढं उभी कर, मी पितळी घंटा बांधतो. रांग पार बाहेरपर्यंत होती. मला थांबायची सवय नाही. रांगेवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला बाजूला घेऊन बघितलं, तो ऐकेना. मग भांडलो. शेवटी म्हणालो, असलं दर्शन मला नको, आणि तरातरा चालू लागलो. हाक आली नाही. सहा दिवसांत दुसऱ्यांदा.

चालत चालत मी देवळाच्या मागच्या बाजूला, नंदीपाशी येऊन बसलो. आमच्या औंढ्याचा नंदी देवळापुढं नाही, मागं आहे. त्याची गोष्ट आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. एका भक्ताला देवापुढं कीर्तन करू दिलं नाही, मागं जा म्हणाले. तो मागं जाऊन गायला लागला, तर देवळानंच तोंड फिरवलं. नंदी जिथल्या तिथं राहिला. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे, पण त्या दिवशी तिथं बसूनही मला ती आठवली नाही. रागात माणसाला आपलंच तेवढं दिसतं.

नंदीच्या पायरीवर एक म्हातारी गुडघे चोळत बसली होती. सिद्धेश्वर धरणाकडच्या एका गावची, एकटीच आली होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुला कोणं मागं ढकललं रे?"

"कोणी न्हाई. मीच आलो."

"मंग चल. मला गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरवत न्हाईत. हात दे."

नाही म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण तिनं हात धरलासुद्धा. आम्ही रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिलो. दोन तास लागले असतील. एवढा वेळ मी कोणाच्या मागं कधी उभा राहिलो नव्हतो. म्हातारी विचारत गेली आणि मी सांगत गेलो. पोरीचं गाणं, मागची रांग, सरांचं ते वाक्य, सगळं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. तिनं देवळाच्या भिंतीकडं बोट केलं.

"हे देऊळ फिरलं, ते त्या माणसानं मागितलं व्हतं का?"

"न्हाई."

"मंग काय करून राहिला व्हता तो?"

"गात व्हता."

"तुझी पोरगी?"

"गाते."

"तिला गाऊ दे की बाबा. मधी तू काहून बोलून राहिलास?"

औंढ्याचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्या उतरताना मोठ्यातल्या मोठ्या माणसाला मान वाकवावी लागते. म्हातारीला धरून मी खाली उतरलो. पिंडीसमोर आलो आणि माझ्या नकळत माझा हात बाजारातल्या सवयीनं चालला. खांद्यावरचं उपरणं हातावर ओढलं आणि हात पिंडीवर ठेवला. आता सांगायला लाज वाटते, पण मी खरोखर बोटं दाबली. घंटेचं बोलणं सुरू करणार होतो. दगड गार आणि ओला होता. समोरून बोट दाबलं गेलं नाही.

बाजूनं म्हातारी हळूच म्हणाली, "झाकतोस काय? त्याला दिसतंय."

मी उपरणं काढलं. उघडा हात पिंडीवर राहिला आणि काय मागायचं तेच मला सुचेना. घंटा आठवली नाही, पुढची रांग आठवली नाही. एवढंच मनात आलं की तिचं गाणं माझ्यामुळं थांबायला नको. मागच्या माणसानं ढकललं तेव्हा डोळे पुसले आणि वर आलो. म्हातारीला बाहेर सावलीत बसवलं. चहा आणू का विचारलं तर म्हणाली, "माझी गाडी हाय. तू तुझी गाठ."

घरी जायचं होतं, पण मी विद्यापीठाच्या गावाला जाणाऱ्या एसटीत बसलो. पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. सर खोलीत होते. मला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि त्या पडायला मीच कारण होतो. मी उभ्या उभ्याच बोललो. "सर, पोरीला न्या. कुठंबी उभी करा." अशा बोलण्यानंतर मी एरवी काहीतरी जोडतो, पण, मात्र, निदान असं काही. त्या दिवशी जोडलं नाही. भाव न करता मी काही मागितलं, असं माझ्या आठवणीत पहिल्यांदाच घडत होतं.

सरांनी ड्रॉवरमधून तो कागद काढला. सहीची जागा कोरीच होती. मी सही न करताच गेलो, म्हणून त्यांनी शिवकांतालाच सही करायला बोलावलं होतं. तिनं सही केली नाही. सर सांगत होते आणि सांगता सांगता हसायला लागले. "ती म्हणाली, सर, आमचे बाबा चार पावलं जातात आणि परत येतात. त्यांच्या बाजारात असंच असतं. फक्त या वेळी पावलं जास्त आहेत, तुम्ही थांबा." त्यांनी तिला सोमवारी पाचपर्यंतची मुदत दिली होती. पाच वाजता ते दुसऱ्या मुलीला फोन करणार होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मीही बघितलं.

निघताना ते म्हणाले, "तिला मागं का ठेवलं, हे तुम्ही विचारलंच नव्हतं. नाचता नाचता पुढच्यांचा सूर सुटतो. मागून धरून ठेवणारी ती एकटीच आहे."

मी बैलांतला माणूस. मळणीत सगळ्यात भरवशाचा बैल खळ्याच्या मधल्या खांबाजवळ, मेढीजवळ बांधतात, कारण बैलांची सगळी पात त्याच्याभोवती फिरते. हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण मीच ते विसरलो होतो.

शिवकांता बाहेर पायऱ्यांवर बसली होती. सहा दिवस फोनवर का बोलली नाहीस, असं मी विचारलं. म्हणाली, "नाव अजून हाय असं कळलं असतं तर तुमी भाव आणखी चढवला असता." तिचं खरं होतं. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही दोघं कॅन्टीनकडं गेलो.

पथक गेलं. महोत्सवाच्या पहिल्या दिवशी सगळ्या देशांची पथकं त्या गावातून वाजतगाजत मिरवतात. तिकडं सकाळ होती, इथं दुपार. मी बाजारात होतो, एका जोडीचा सौदा अर्ध्यावर होता, आणि पथकाबरोबर गेलेल्या शिवकांताच्या मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल आला. दगडी रस्ता, खिडक्यांत माणसं, आणि आमची पोरं नऊवारीत, फेट्यात, लेझीम खेळत चालली होती. पुढं ती गोरी मुलगी, मागं माझी. थोडं पुढं गेल्यावर मिरवणूक थांबली. समोरचा पूल दुरुस्तीसाठी बंद होता म्हणे, वाट दाखवणारा माणूस चुकला होता. गल्ली एवढी अरुंद की पथकाला वळसा घेता येईना. मग त्या माणसानं हातानं खूण केली, जिथं आहात तिथंच माघारी फिरा.

सगळं पथक जागच्या जागी फिरलं. जी रांग शेवटची होती, ती पहिली झाली.

क्षणभर हलगी थांबली. मग मला माझ्या पोरीचा आवाज ऐकू आला. नागनाथाच्या नावाची आरोळी, आमच्या गावात पालखी उठताना देतात तशी, आणि पाठोपाठ गाणं. हलगी कडाडली. ती पुढं, बाकी सगळे तिच्या मागं, त्या परक्या गावच्या गल्लीतून. खिडक्यांतली माणसं हात वर करून ठेका धरत होती. माझ्याभोवती दहाबारा व्यापारी जमले होते. ज्याच्याशी माझं एका जोडीवरून दोन वर्षांपासून बोलणं नव्हतं, तो खांद्यावरून वाकून बघत म्हणाला, "हेड्याची पोर हाय ही. चार पावलांत सगळ्या गावाला मागं लावलं." त्या दिवशी तो शब्द मला कडू लागला नाही.

हा चमत्कार होता असं मी म्हणत नाही. पूल बंद असू शकतो, माणूस वाट चुकू शकतो. संध्याकाळी रंगमंचावर ती पुन्हा मागच्या रांगेत उभी राहिली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडं वाटलं. सरांच्या त्या वाक्याचा काटाही पूर्ण निघालेला नाही, अधूनमधून सलतो. पण तो सलला की मला गाभाऱ्यातला गार दगड आठवतो. त्या म्हातारीला मी शोधलं नाही. शोधून काय विचारणार होतो? पितळी घंटा मी गावच्या महादेवाला बांधली. पुजाऱ्यानं विचारलं, कशाबद्दल. म्हटलं, कशाबद्दल न्हाई, अशीच.

पोरगी परत आल्यावर आम्ही तिघं औंढ्याला गेलो. शिवकांता देवळाच्या मागं, नंदीपाशी बसून गायली. आम्ही ऐकत बसलो, येणारेजाणारे थबकले. मग रांगेच्या शेवटी उभे राहिलो आणि आमचा नंबर आला तेव्हा खाली उतरलो. उपरणं मी वरच, पायरीजवळ शिवकांताच्या आईच्या हातात दिलं होतं. पिंडीवर हात ठेवला, बोटं मोकळी सोडली आणि मान वाकवून तसाच उभा राहिलो.