गुडघ्याची खिट्टी

माझ्या धाकट्या बहिणीचा डावा पाय पोलिओने लुळा पडला होता. आम्ही करी रोडच्या चाळीत राहायचो. इस्पितळातून तिला मांडीपर्यंत येणारा, लोखंडी पट्ट्यांचा बूट मिळाला होता. तो घालून ती चालायची, पण गुडघा वाकायचा नाही. सात वर्षांची झाली तरी संडासात तिला उचलून बसवावं लागे. आई कामावर गेली की मी बसवायची. मी दहाची. रांगेतल्या बायका बघत राहायच्या. हळूहळू तिने पाणी पिणंच कमी केलं.

शेजारचे मालवणी काका गिरणीत फिटर होते. एका रविवारी ते बूट सुधारायला घेऊन बसले. वडील काहीतरी सांगू लागले, तर काकांनी त्यांना थांबवलं.

"गो बाय, घालतलंस तू. कसो होयो ता तूच सांग."

ती म्हणाली, "मला माझं मी बसायचंय."

काकांनी तिला कोळसा दिला. तिने फरशीवर भिंत काढली, भिंतीवर आपला उजवा हात काढला. म्हणजे उजवा हात भिंतीला टेकलेला, आणि गुडघा मोकळा करायची खिट्टी डाव्या हाताला हवी. काकांनी गुडघ्याशी, खिट्टी घातली की ताठ राहणारी बिजागरी बसवली. ती कातडीला चिमटे घ्यायची.

"सवय होतली," काका म्हणाले.

"तुम्ही घालून बघा," बहीण म्हणाली.

काकांनी ती स्वतःच्या गुडघ्याला लावली आणि कडा घासायला कानस उचलली. पुढच्या खेपेला खिट्टी चालताना सुटली, बहिणीचा ओठ फुटला. मी म्हटलं, "पाय सरळ झाला की दाराच्या कडीसारखी वरून आपोआप पडली तर?" तशी केली. ती टिकली. बहीण एकटी आत गेली, दार लावून घेतलं. मी हाक मारली तर आतून ओरडली, "थांब गं, घाई नको करू!"

त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघत होते. एका मोर्च्यात गोळीबार झाला. काका घरी आले ते चौघांच्या खांद्यावरून. बहीण काही केल्या गॅलरीतून आत जाईना. ती कठड्याला धरून शेवटपर्यंत उभी होती.

वर्षभरात बूट तोकडा झाला. वडील आम्हा दोघींना दुसऱ्या कारागिराकडे घेऊन गेले. बहीण बिजागरीचं सांगू लागली, तर तो वडिलांना म्हणाला, "पोरीला काय कळतंय? सरळ पट्टीच मजबूत." वडिलांनी मान डोलावली. मला सगळं माहीत होतं, तरी मी बोलले नाही.

नवा बूट तिने दोन दिवस घातला. मग खाटेखाली सारला आणि हातांवर सरपटत फिरू लागली. शाळा तिसरीत सुटली. तळहातांना घट्टे पडले, ते अजून आहेत.